कोणत्या हार्मोनचा बॅलन्स?

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभे राहून मला आता बावीस वर्षे झाली. या काळात गिऱ्हाइकांच्या तोंडचे आजार बदलत गेलेले मी पाहिले आहेत. सुरुवातीच्या वर्षांत बायका ‘पाळी चुकते’, ‘अंगावरून फार जातं’ असे आवाज खाली आणून सांगत आणि पुरुष ‘अशक्तपणा’ या एका शब्दात सगळे गुंडाळून मोकळे होत. आता दोघेही बिनदिक्कत ‘हार्मोन्स बिघडलेत’ म्हणतात. आजाराविषयी मोकळेपणाने बोलले जाते, हे चांगलेच झाले. पण त्या वाक्याला जोडून दुसरे वाक्य येते, ते असे: “काका, गोळी नको, हार्मोन बॅलन्ससाठी काहीतरी नॅचरल द्या.” यावर “कोणतं हार्मोन, ताई?” असे मी विचारले की समोर क्षणभर शांतता पसरते. मग मोबाइल पुढे केला जातो आणि त्यातल्या बाटलीचे चित्र दाखवून “हे आहे का तुमच्याकडे?” असे विचारले जाते.

बऱ्याचदा ते माझ्याकडे असते. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या किंवा थायरॉइडवरच्या थायरॉक्सिनच्या एका स्ट्रिपमागे मला जे सुटते, त्याच्या कितीतरी पट या एका बाटलीमागे सुटते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. ते लपवून पुढचा लेख लिहिणे मात्र बरे दिसणार नाही. वनस्पतींमध्ये गुण नसतात किंवा अशी सगळीच उत्पादने फसवी असतात, असे माझे म्हणणे नाही. माझा आक्षेप ‘हार्मोन संतुलन’ या शब्दप्रयोगावर आहे. आरोग्याचा दावा म्हणून तो लेबलावर आणि जाहिरातीत चालू देऊ नये, असे मला वाटते. उत्पादकाने कोणते संप्रेरक, कोणत्या दिशेने, साधारण किती आणि कोणत्या माणसांत बदलते ते सांगावे, आणि सांगता येत नसेल तर आपला माल खाण्याची वस्तू म्हणून विकावा. लाडू आपण तसेच विकतो.

‘हार्मोन’ हा शब्द ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये लंडनच्या एका व्याख्यानात पहिल्यांदा वापरला. मूळ ग्रीक धातूचा अर्थ चालना देणे, चेतवणे असा आहे, आणि मराठीतला ‘संप्रेरक’ हा शब्द त्याला इतका चपखल बसतो की तो व्यवहारातून मागे पडला याचे वाईट वाटते. चालना देणे हेच ज्याचे काम, ते एका जागी स्थिर राहिले तर त्याचा उपयोग काय? ताणाशी जोडलेले कॉर्टिसॉल पहाटे चढते आणि रात्री उतरते. तरुण पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मुख्य पुरुषी संप्रेरक, सकाळी सर्वाधिक असते, म्हणूनच ती तपासणी सकाळच्या रक्तावर करायला सांगतात. स्त्रीच्या शरीरात गर्भधारणेची तयारी करणारे प्रोजेस्टेरॉन पाळीच्या पूर्वार्धात जवळजवळ नसते आणि बीज सुटल्यानंतर अनेक पटींनी वाढते. थायरॉइड ग्रंथीचे थायरॉक्सिन कमी पडू लागले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक, वाढवते. इथे एकाचे चढणे हे दुसरे उतरल्याचे लक्षण असते. म्हणजे ज्याला आपण निरोगी शरीर म्हणतो, त्यात ही पारडी दिवसभर आणि महिनाभर खालीवर होत असतात. पाळीच्या पाचव्या दिवशी, एकविसाव्या दिवशी, बाळंतपणानंतर आणि पन्नाशीत, शिवाय त्याच घरातल्या नवऱ्यालाही, रोज सकाळी तीच एक कॅप्सूल घ्यायला सांगून नेमके कशाचे संतुलन साधायचे असते, हे बाटलीवर कुठेही लिहिलेले नसते.

ते लिहिलेले नसते, कारण न लिहिण्यातच सोय आहे. थायरॉक्सिनची गोळी सुरू केली की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासतात. आकडा हलला नाही तर मात्रा चुकली, हे कागदावर दिसते. संतुलनाचा मात्र आकडाच नसतो. तीन महिन्यांत फरक पडला नाही तर “अजून तीन महिने घ्या, मुळापासून काम करतं” हे उत्तर तयार असते. फरक पडला तर त्याचे श्रेय बाटलीला जाते, मग दरम्यान त्या बाईंनी रात्रपाळी सोडलेली असो की वजन पाच किलो उतरवलेले असो. ज्या दाव्याला खोटे ठरण्याची सोयच नाही, तो खरा आहे म्हणण्यालाही काही अर्थ उरत नाही.

आता ‘नॅचरल’ या शब्दाकडे वळतो. माझ्या दुकानात गणपती आणि नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात एका गोळीचा खप हमखास वाढतो. पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतात ती नॉरएथिस्टेरॉनची, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणाऱ्या संप्रेरकाची गोळी. घरात गौरी बसणार, सवाष्ण जेवणार, म्हणून ती मागितली जाते, बहुतेक वेळा डॉक्टरांची चिठ्ठी नसतानाच, आणि चिठ्ठी मागितली तर राग येतो. अशीच एक बाई एकदा माझ्यासमोर ही गोळी पर्समध्ये ठेवता ठेवता म्हणाली, “एरवी मी हार्मोनच्या गोळ्यांना हात लावत नाही हं, मला सगळं नॅचरल लागतं.” त्याच बिलात शतावरीची एक बाटली होती. त्या गोळीचा उगम मी तिला सांगितला नाही, कारण मागे रांग होती. इथे सांगतो. १९४० च्या दशकात रसेल मार्कर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या जंगली कंदातून, म्हणजे आपल्या कोनफळ-करांद्यांच्या भाऊबंदांतून, डायोस्जेनिन नावाचे द्रव्य काढून त्यापासून प्रोजेस्टेरॉन बनवले. त्याच वाटेने पुढे जात मेक्सिको सिटीतल्या सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत १५ ऑक्टोबर १९५१ रोजी नॉरएथिस्टेरॉन तयार झाले, आणि पहिल्या पिढीतल्या गर्भनिरोधक गोळ्यांपैकी काही त्याच्यावरच उभ्या राहिल्या. ज्या गोळीला आपण ‘केमिकल’ म्हणून नाके मुरडतो तिचे मूळ एका कंदात आहे. याउलट, त्याच कंदाचा अर्क ‘नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन’ म्हणून मलमात किंवा कॅप्सूलमध्ये भरून विकतात तेव्हा त्यात प्रोजेस्टेरॉन नसते, आणि डायोस्जेनिनचे प्रोजेस्टेरॉन करणारी यंत्रणा माणसाच्या शरीरात नसते. ते काम प्रयोगशाळेतच होते.

मेटफॉर्मिनचीही कथा अशीच आहे. मधुमेहात आणि पीसीओएसमध्ये (पाळी अनियमित करणाऱ्या बीजकोशांच्या विकारात) लाखो लोक ही गोळी घेतात. तिची कल्पना युरोपातल्या गॅलेगा नावाच्या शेंगवर्गीय वनस्पतीतून आली. त्या वनस्पतीतले मूळ द्रव्य साखर उतरवत असे खरे, पण ते विषारी होते आणि तिच्यावर चरणारी जनावरे दगावत. रसायनशास्त्राने त्यातली विषबाधा बाजूला काढली आणि गुण ठेवला. निसर्गाच्या पदरात औषध आणि विष अशी वेगवेगळी पुडकी बांधून ठेवलेली नसतात, हे आयुर्वेदालाही ठाऊक होते. योग्य रीतीने वापरले तर तीव्र विषही उत्तम औषध होते आणि चुकीच्या रीतीने दिलेले औषधही विष होते, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. ‘नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाहीत’ हे वाक्य आयुर्वेदाच्या नावावर खपवणाऱ्यांनी तो अध्याय उघडून पाहिलेला नसावा.

याचा सर्वांत बोलका पुरावा मेंढ्यांनी दिला आहे. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कुरणांमध्ये मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. शोध घेता लक्षात आले की त्या ज्या क्लोव्हर गवतावर चरत होत्या, त्यात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखे काम करणारी द्रव्ये होती. अशाच द्रव्यांसाठी लाल क्लोव्हरच्या कॅप्सूल आज रजोनिवृत्तीच्या त्रासावर विकल्या जातात. माणूस काही दिवसभर गवत चरत नाही, मात्रेचा फरक प्रचंड आहे, हे मान्य. मुद्दा एवढाच की वनस्पतीत संप्रेरकासारखे काम करण्याची ताकद असेल तर ती अपाय करण्याचीही ताकद असते, आणि अपायाची अजिबात शक्यता नसेल तर गुणाबद्दलही शंका घ्यायला जागा आहे. दोन्ही बाजूंनी लाभ घेणारी जाहिरात मला पटत नाही.

जवसाची चटणी मात्र मला मनापासून आवडते, आणि तीही या वादात ओढली गेली आहे. पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात जवस आणि भोपळ्याच्या बिया, दुसऱ्या पंधरवड्यात तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया, असे ‘सीड सायकलिंग’ सध्या मुलींमध्ये जोरात आहे. यात अपाय नाही, पण तिथीप्रमाणे बिया बदलल्याने इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन रांगेत उभे राहतील, हे मानायला फारसा आधारही नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांत जवस आणि तीळ भाकरीबरोबर बारा महिने खाल्ले जातात, त्यांचे पंचांग कुणी काढले नव्हते. त्याच बिया चारशे-पाचशे रुपयांच्या डब्यात दोन पुड्या करून आल्या की त्यांचे औषध होते, ही किमया मात्र दाद देण्यासारखी आहे.

पुरुषांच्या बाजूला बाजार जुना आहे. १ जून १८८९ रोजी पॅरिसमध्ये बहात्तर वर्षांच्या ब्राउन-सेकार या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने, कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतल्यावर ताकद परतली, असे विद्वानांच्या सभेत जाहीर केले. पुढच्या काळात हजारो पुरुषांनी ते टोचून घेतले. पाण्यात काढलेल्या त्या अर्कात टेस्टोस्टेरॉन नगण्य असणार, हे आज सहज सांगता येते, कारण ते पाण्यात जेमतेम विरघळते आणि वृषण त्याचा साठा करत नाही. म्हाताऱ्या शास्त्रज्ञाला आलेली ताकद त्याच्या अपेक्षेतून आली होती. तो लबाड नव्हता, हे महत्त्वाचे. माझ्याकडे येणारी गिऱ्हाइकेही लबाड नसतात. “फरक वाटतो” असे ती प्रामाणिकपणे सांगतात.

आज त्या अर्काच्या जागी गोखरू, शिलाजीत, सफेद मुसळी आणि अश्वगंधा आहेत. गोखरू म्हणजे आपले सराटे. रानात अनवाणी चाललेल्या प्रत्येकाच्या टाचेला आणि शाळेच्या वाटेवर सायकलच्या टायरला ते परिचयाचे आहेत. बल्गेरियातल्या वेटलिफ्टरांच्या यशामागे हेच होते, अशी दंतकथा जगभरच्या व्यायामशाळांत पसरली. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बावीस रग्बी खेळाडूंवर पाच आठवडे तपासून पाहिले, तेव्हा खऱ्या आणि खोट्या (औषध नसलेल्या) कॅप्सूलमध्ये ताकदीचा वा स्नायूंचा फरक निघाला नाही. मूत्रविकारांत वैद्य गोखरू देतात तो वेगळा विषय. टेस्टोस्टेरॉनशी त्याचे लग्न बाजाराने लावले आहे. सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव मुंबईच्या बोरिवलीवरून पडले आहे, ही माहिती मी गिऱ्हाइकांना आवर्जून देतो, आणि ती ऐकून बोरिवलीत राहणाऱ्या एकाने दोन डबे जास्त घेतले होते.

अश्वगंधेचे प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही, कारण तिच्यात काहीतरी गुण खरोखरच दिसतो. २०१९ मध्ये चाळीस ते सत्तर वयाच्या, वजन जास्त असलेल्या पुरुषांवर झालेल्या एका छोट्या चाचणीत अश्वगंधा घेताना टेस्टोस्टेरॉन खोट्या गोळीच्या तुलनेत १४.७ टक्क्यांनी अधिक वाढले. जाहिरातींत हा आकडा ठळक येतो. त्याच चाचणीत थकवा, उत्साह आणि लैंगिक समाधान यांत दोन गटांमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही, हे वाक्य जाहिरातीत कधी येत नाही. शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. २०११ मध्ये शिकागोत दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिले, तेव्हा त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरले. अश्वगंधेने जेवढे दिले, जवळपास तेवढेच अपुरी झोप घेऊन जाते. दोन्ही अभ्यास लहान आहेत, त्यांवर इमला रचू नये. पण रात्री दीडपर्यंत मोबाइल पाहून सकाळी सात वाजता अश्वगंधा घेणाऱ्या माझ्या भाच्याला ही तुलना मी ऐकवतो, आणि तो ती ऐकून घेतो.

अश्वगंधा थायरॉइडवरही काम करते असे दिसते. थायरॉइड किंचित मंद असलेल्या पन्नास जणांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ आठवड्यांच्या चाचणीत त्यांचे टीएसएच उतरले आणि थायरॉक्सिन वाढले. ही बातमी चांगली वाटते, पण आधीच थायरॉक्सिनची गोळी चालू असलेल्या आणि डॉक्टरांना न सांगता अश्वगंधा सुरू केलेल्या बाईच्या बाबतीत तीच बातमी धडधड, घाम आणि हातांच्या कंपाची असू शकते. यकृताला इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली. मुळी आणि पाने यांची सरमिसळ करून घेतलेला तो निर्णय होता, हा आपल्याकडून घेतलेला आक्षेप मला बराचसा रास्त वाटतो. मात्र खुद्द आपल्या आयुष मंत्रालयानेच ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्पादकांना पाने वापरू नका असे बजावले होते, याचा अर्थ पाने वापरली जात होती. पाने स्वस्त पडतात, मुळी महाग पडते. भुकटी झाल्यावर डोळ्यांना फरक कळत नाही.

हीच गोष्ट अशोकाची. पाळीच्या तक्रारींवर पिढ्यान्‌पिढ्या घेतले जाणारे अशोकारिष्ट ज्याच्या सालीचे, तो लाल-केशरी फुलांचा सीतेचा अशोक. सोसायटीच्या कुंपणाशी सरळ उंच उभा असतो तो आसुपालव, ज्याला आपण सर्रास अशोक म्हणतो. खऱ्या अशोकाच्या सालीत आसुपालवाच्या सालीची भेसळ होते, ही या व्यापारातली जुनी आणि अनेकदा तपासलेली गोष्ट आहे. पुरुषांच्या ‘ताकदीच्या’ मालात तर याहून थेट प्रकार आढळतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात भेसळयुक्त ठरवलेल्या ७७६ पूरक उत्पादनांपैकी ४५ टक्क्यांहून अधिक लैंगिक शक्तीसाठी विकली जाणारी होती, आणि त्यांत सर्वाधिक वेळा सापडले ते सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातले औषध. ‘जडीबुटीचा लगेच गुण आला’ असे कुणी सांगितले की माझ्या मनात पहिली शंका हीच येते. आणि तो गिऱ्हाईक छातीत दुखते म्हणून नायट्रेटची गोळी घेणारा असेल तर शंकेची भीती होते, कारण ही दोन औषधे एकत्र आली की रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो.

स्त्रियांच्या बाबतीत मला अधिक अस्वस्थ करणारी एक घटना सांगतो. बँकेत नोकरी करणारी, तिशीतली एक बाई केस गळतात म्हणून बायोटिन या ब जीवनसत्त्वाच्या गोड गोळ्या घेत होती. बाटलीवर ‘केस, त्वचा आणि हार्मोन सपोर्ट’ असे लिहिलेले, आणि एका गोळीत बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाची रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम असते. केस गळणे थांबेना म्हणून तिने थायरॉइड तपासले. टीएसएच अगदी खाली, थायरॉक्सिन वर; म्हणजे ग्रंथी अतिवेगाने चालते आहे, असा अहवाल आला. ती रडकुंडीला येऊन थायरॉइड दाबणाऱ्या गोळीची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली. ना धडधड, ना घाम, ना वजनात घट. मी फक्त विचारले, “ताई, आणखी काय काय घेता?” उत्तर ऐकून तिला चिठ्ठीसह डॉक्टरांकडे परत पाठवले. काही दिवस बायोटिन बंद ठेवून पुन्हा रक्त दिले, तर सगळे आकडे जागेवर होते. तिच्या ग्रंथीला काहीही झालेले नव्हते. अनेक प्रयोगशाळांतल्या तपासणीची रचनाच बायोटिनच्या चिकटण्याच्या गुणावर आधारलेली असते, आणि रक्तात ते भरमसाट असले की यंत्र चुकीचे आकडे देते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. हार्मोनला आधार देणाऱ्या गोळीने हार्मोन तर हलवले नाही, त्याचा अहवाल मात्र बिघडवला. त्या बाटलीवर याविषयी एक ओळही नव्हती.

पीसीओएसविषयी लिहिताना मी सावध राहतो, कारण या मुलींचे हाल मी जवळून पाहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रजननवयातल्या दर शंभर स्त्रियांत दहाच्या आसपास हा त्रास असतो आणि त्यातल्या बहुसंख्य स्त्रियांचे निदानच झालेले नसते. ज्यांचे होते त्यांना डॉक्टरांच्या केबिनमध्ये चार मिनिटे मिळतात, त्यातली दोन “वजन कमी करा” या वाक्यात जातात, आणि लग्न ठरल्यावर बघू असे ऐकवले जाते. मग मुलगी इनोसिटॉल या साखरेसारख्या द्रव्याच्या पुड्या विकणाऱ्या समाजमाध्यमांवरच्या ताईकडे वळली, तर दोष तिला कसा द्यायचा? ती ताई निदान तिचे पूर्ण ऐकून घेते. इनोसिटॉल हे या सगळ्या बाजारातले त्यातल्या त्यात प्रामाणिक उदाहरण म्हणावे लागेल. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत, अपाय कमी असल्यामुळे रुग्णाची इच्छा असल्यास त्याचा विचार करता येईल, पण बीज सुटणे, नको त्या जागी केस येणे किंवा वजन यांवर त्याचा लाभ मर्यादितच आहे, असे स्वच्छ म्हटले आहे. माझ्या मते बाटलीवर लिहायचे वाक्य हेच असायला हवे. पण त्या वाक्यावर हजार-बाराशेची बाटली खपणार नाही.

संप्रेरकासाठीचे खरोखर यशस्वी पूरक कोणते, असे कुणी विचारले तर मी मिठाकडे बोट दाखवतो. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे दिसले आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तिथे एक ग्रंथी (थायरॉइड) होती, एक उणीव (आयोडीनची) होती, एक मोजता येणारा परिणाम होता, आणि खर्च पैशांत मोजावा इतका होता. आता सुशिक्षित घरांत ते मीठ ‘केमिकल’ म्हणून बाजूला सारून गुलाबी सैंधव आणले जाते. आपल्या आजीचे शेंदेलोण उपासापुरते होते. रोजच्या आमटीत ते आयोडीनची जागा भरून काढू शकत नाही. सैंधव आणि ‘थायरॉइड सपोर्ट’ कॅप्सूल एकाच ऑर्डरमध्ये मागवणारी घरे मला माहीत आहेत.

कायद्याकडे पाहिले की हा गोंधळ कसा माजला ते कळते. माझ्या काउंटरवर अश्वगंधेच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी आहेत. एकीवर ‘आयुर्वेदिक औषध’ असे छापलेले आहे. ती १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येते, पण ती विकायला ॲलोपॅथीच्या औषधांसारखा विक्री परवाना लागत नाही. दुसरीवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक आहे आणि मागच्या बाजूला ‘औषधी वापरासाठी नाही’ ही ओळ आहे, जी वाचायला मला चश्मा लागतो. ती कायद्याने अन्न आहे. मुळी तीच, भुकटी तीच. तिच्या बाजूची मेटफॉर्मिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्यामुळे तिच्या किमतीला सरकारी कमाल मर्यादा आहे. या दोन बाटल्यांना ती नाही.

शिवाय १९५४ चा औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे, जो मासिक पाळीचे विकार दुरुस्त करण्याच्या आणि लैंगिक क्षमता वाढवण्याच्या औषधांची जाहिरातच करू देत नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. ‘पाळी नियमित करते’ असे लिहिले तर कायदा आडवा येतो, म्हणून ‘सायकल सपोर्ट’ लिहायचे. ‘थायरॉइड बरा करते’ लिहिता येत नाही, म्हणून ‘हार्मोन बॅलन्स’. हा शब्द कोणत्याही शास्त्राने दिलेला नाही. कायद्याच्या कलमांना वळसा घालताना तो वापरात रुळला आहे. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातींना आधी मंजुरी घ्यायला लावणारा नियम १७० डिसेंबर २०१८ मध्ये आला, केंद्राने तो जुलै २०२४ मध्ये वगळला, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये त्या वगळण्याला स्थगिती दिली, आणि ११ ऑगस्ट २०२५ रोजी याचिका निकाली निघताना ती स्थगितीही संपली. म्हणजे आज जाहिरात आधी येते. तक्रार, तपासणी आणि कारवाई झालीच तर नंतर येते.

या सगळ्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मी हलका मानत नाही. परंपरेतले ज्ञान आकड्यांच्या भाषेत बसत नाही, आणि मोठ्या चाचण्यांचा खर्च फक्त मोठ्या कंपन्यांना परवडतो. मग आकडे मागणे म्हणजे वैद्याच्या तोंडाला कुलूप लावणे नव्हे काय? माझे उत्तर असे की वैद्य ‘हार्मोन बॅलन्स’ देतच नाही. माझ्या गल्लीतले वैद्य नाडी पाहतात, जीभ पाहतात, भूक, झोप आणि कोठा यांची चौकशी करतात आणि मग एका बाईला शतावरी देतात आणि दुसरीला ती वर्ज्य सांगतात. बाळंतिणीला दुधातून शतावरी कल्प देतात, पण तो साखरेत घोळलेला असतो म्हणून मधुमेह असलेल्या बाईला देत नाहीत. परंपरा ही अशी माणूस पाहून देणारी आहे. एकच गोड गोळी साऱ्या शहराला कुरिअरने पाठवणाऱ्याने त्या परंपरेच्या आडोशाला उभे राहू नये. वैद्याचे औषध औषध म्हणूनच राहावे, त्यासाठी त्याला टेस्टोस्टेरॉनचा आकडा कुणी मागणार नाही. आकडा मागायचा तो जो स्वतः ‘हार्मोन’ हा आधुनिक शब्द विक्रीसाठी उसना घेतो त्याला. शब्द घेतला तर त्याच्याबरोबर येणारी मोजणीही घ्यावी लागेल.

महाराष्ट्रात अन्न आणि औषधे यांचे प्रशासन एकाच छताखाली आहे, त्यामुळे ‘हे अन्न आहे, आमच्याकडे येत नाही’ असे निदान इथे तरी म्हणता येऊ नये. एकच मुळी दोन कायद्यांखाली दोन तोंडांनी विकली जाते तेव्हा दोन्ही बाटल्यांना एकच इशारा छापायला लावणे, मुळी की पाने हे समोरच्या बाजूला लिहायला लावणे, बायोटिनच्या मोठ्या मात्रेवर ‘रक्ततपासणीआधी बंद करा’ ही ओळ सक्तीची करणे, आणि ‘संतुलन’ या शब्दापुढे संप्रेरकाचे नाव नसेल तर तो शब्द पुसायला लावणे, या गोष्टींना नवी प्रयोगशाळा लागत नाही. आम्हा औषधविक्रेत्यांनाही बरेच करता येण्यासारखे आहे. गेल्या वर्षापासून मी या बाटल्या काउंटरसमोरच्या उजेडातल्या रॅकवरून उचलून आत, माझ्या हाताशी ठेवल्या आहेत. त्यामुळे मागणाऱ्याला त्या मागाव्या लागतात आणि मला विचारता येते. खप निम्म्यावर आला. परवाच एक तरुण नवरा-बायको आले, दोघांसाठी मिळून एकच बाटली हवी म्हणाले. मी नेहमीचा प्रश्न विचारला. बायकोने नवऱ्याकडे पाहिले, नवऱ्याने मोबाइलकडे, आणि मग ती म्हणाली, “काका, आधी तपासायचं असेल तर कोणती टेस्ट करू?”